गावात चर्चेची बैठक बसवायची असेल तर

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. 'क' वर्गाचं वाचनालय, म्हणजे अनुदान जेमतेम आणि पंखा एकच. महिन्यातून एकदा आम्ही गावच्या एखाद्या प्रश्नावर बोलायला बसतो, कधी वाचनालयात, माणसं जास्त असली तर शाळेत. हे कळल्यापासून आसपासच्या गावांतून फोन येतात, "ताई, आमच्याकडं बी असं चालू करायचंय, काय काय लागतं?" प्रत्येकाला सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सामान फार लागत नाही. एक मोठं जाजम, फळा, खडू, पाण्याचा माठ आणि दोनशे पानी वही. माईक फुकट मिळाला तरी आणू नका. माईक हातात आला की माणूस उभा राहतो, आणि उभा राहिला की 'व्यासपीठावर उपस्थित मान्यवर' सुरू होतं. खुर्च्याही नकोत. म्हाताऱ्या माणसांपुरत्या दोन-चार ठेवा, पण त्या ओळीनं मांडू नका. गावात खुर्च्यांची ओळ दिसली की पहिली ओळ कुणाची हे आपोआप ठरलेलं असतं.

"ग्रामसभा असताना हे कशाला?" असं सरपंच विचारतील. विचारणं बरोबरच आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. ठराव तिथंच होतो, इतिवृत्तात तिथलंच जातं. पण विषयपत्रिका एवढी लांब असते की तुमच्या गल्लीच्या नाल्याचा नंबर येईस्तोवर माणसं उठून गेलेली असतात. आपल्या बैठकीला ठराव करायचा अधिकार नाही आणि तो असल्याचा आवही आणायचा नाही. ग्रामसभेत नेमकं काय मागायचं, ते इथं पक्कं करायचं. हे सरपंचांना पहिल्या बैठकीआधी घरी जाऊन सांगा. 'आपल्या विरोधात काहीतरी शिजतंय' असं त्यांनी हॉटेलवर ऐकलं तर पुढं प्रत्येक कामात आडकाठी येते.

विषय बारीक करून घ्या

नवीन माणूस हमखास 'पाणीटंचाई', 'बेरोजगारी', 'शेतकऱ्यांचे प्रश्न' असे विषय काढतो. पाणी म्हटलं की आमच्याकडं बोलणं जायकवाडीवर जातं, तिथून वरच्या नगर-नाशिकच्या धरणांवर, मग कृष्णेच्या पाण्यावर. त्यातलं काही खोटं नसतं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे, हे आमच्या गावातल्या कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण दोन तास हे बोलून घरी गेलेल्या बाईचा हंडा तेवढाच रिकामा असतो, आणि पुढच्या महिन्यात ती येत नाही.

म्हणून विषय असा घासून घ्यायचा की 'वरच्या आळीला नळ तिसऱ्या दिवशी आणि खालच्या वस्तीला आठव्या दिवशी का येतो?' विषय पुरेसा बारीक झाला की नाही, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: हे गाऱ्हाणं घेऊन उद्या सकाळी कुठल्या टेबलासमोर उभं राहायचं? टेबल सांगता आलं तर विषय घ्या, नाहीतर अजून घासा.

2025 च्या सप्टेंबरात पावसानं आमच्या जिल्ह्याची काय दशा केली ते सगळ्यांनी बघितलंय. त्यावर बैठक घ्यायची तर 'भरपाई मिळालीच पाहिजे' ही घोषणा झाली, तिच्यावर चर्चा काय करणार? आम्ही प्रश्न असा मांडला: अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला जावा लागतो, तर आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठं बसवलंय? एका मंडळात बरीच गावं येतात. ढग एका शिवारावर फुटतो आणि यंत्राजवळ नुसती भुरभुर असते. निम्म्या लोकांनी ते यंत्र कधी बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार जण मोटारसायकलवर जाऊन बघून आले. मोकळ्या जागेत आहे का, कुठल्या झाडाखाली भिंतीला चिकटून आहे, हे पुढच्या बैठकीत सांगायला त्यांच्याकडं काहीतरी होतं.

मोठा विषय कधीच घेऊ नये असं नाही. घ्यायचा तर तो आपल्या शिवारात उतरवून घ्या. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलेलं आम्ही टीव्हीवर नव्हे, काठावर उभं राहून बघितलंय. तर भूजलावर बोलायचं ठरलं तेव्हा भाषण ठेवलं नाही. ज्यांच्याकडं बोअर आहे त्यांनी फक्त तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या साली घेतला, किती फुटांवर पाणी लागलं, कधी आटला. मी फळ्यावर सालाप्रमाणं लिहीत गेले. आपला काळा खडक वरच्या थरात, भेगाभेगांत पाणी धरतो, खोल गेलं की बहुतेक ठिकाणी नुसता घट्ट पाषाण, हे भूगोलाच्या पुस्तकात आहेच, पण फळ्यावर फुटांचे आकडे सालागणिक वाढताना बघून एक बापू स्वतःच म्हणाले, "म्हंजी पानी खाली गेलं न्हाई, आपुन त्याच्या मागं खाली गेलो." त्यानंतर 2009 च्या भूजल कायद्यातली बोअरच्या खोलीची 60 मीटरची, म्हणजे सुमारे 200 फुटांची मर्यादा सांगितली तेव्हा लोकांनी ती ऐकली. सुरुवातीलाच सांगितली असती तर अर्धे जण चप्पल शोधायला लागले असते, कारण गावातले बरेच बोअर तिच्या कितीतरी खाली गेलेत.

जागा आणि वेळ

जागेवरून कोण येणार हे ठरतं, त्यामुळं इथं भिडेखातर हो म्हणू नका. मंदिराचा सभामंडप सोयीचा असतो, सावली असते, फरशी धुतलेली असते. पण एकदा नीट बघा, कोण आत येऊन बसतं आणि कोण पायरीपाशी उभं राहून ऐकतं. पायरीपाशी उभी असलेली माणसं बोलत नाहीत. कुणाच्या वाड्याच्या वसरीत तर अजिबात नको. ज्याचा चहा प्यायचा त्याच्या शेतातून गेलेल्या पाइपलाइनबद्दल कोण बोलेल? जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांत बरी. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घाला, आणि बैठक झाल्यावर वर्ग झाडून द्या. झाडून दिला नाही तर पुढच्या वेळी किल्ली सापडत नाही.

आमच्या जिल्ह्यात अधूनमधून पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात, निवडणुकीची आचारसंहिता असते ती वेगळी. बैठकीच्या आधी बीट अंमलदारांना, म्हणजे आपलं गाव ज्यांच्याकडं आहे त्या पोलिसांना, फोन करून विचारून घ्या. साधं काम आहे. निजामाच्या राजवटीत इथं राजकीय सभेलाच परवानगी लागायची, म्हणून लोक वाचनालयं, शाळा आणि गणेशोत्सवाच्या आडून बोलायचे. आपल्याला आडून बोलायची गरज नाही, एक फोन पुरतो.

वेळ ठरवताना आधी नळाचा वार बघा. ज्या दिवशी खालच्या वस्तीला पाणी येणार त्या दिवशी तिथली एकही बाई येणार नाही. बायकांना दुपारी दोन ते चार बरं पडतं, शेतातल्या गड्यांना रात्री जेवणानंतर. दोन्ही एकदम साधत नाही. आम्ही एक महिना दुपार, एक महिना रात्र असं करतो, आणि दुपारच्या बैठकीत जे निघालं ते रात्रीच्या बैठकीत आधी वाचून दाखवतो. सप्ताह चालू असेल, लग्नाची दाट तिथ असेल, सोयाबीनची मळणी चालू असेल, तर बैठक ठेवून स्वतःचा हिरमोड करून घेऊ नका.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात आणि अर्ध्या वस्तीला कुलपं लागतात. ऊसतोडीचा विषय डिसेंबरात ठेवलात तर ज्यांचा प्रश्न ती माणसं कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, आणि तुमच्यासमोर त्यांचे म्हातारे आईबाप. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, टोळी नेणाऱ्या मुकादमानं कशावर अंगठा घेतला, ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मिळालं का, मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार का, हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरातच बोलायचं. वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला नाही तर लेकरं ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

आधी कोण बोलणार

माझ्या मते सगळी मेख इथं आहे, बाकी चुकलं तरी निभावतं. सुरुवातीलाच एक नियम मोठ्यानं सांगायचा आणि कुणासाठी मोडायचा नाही: ज्याच्या घरात हा त्रास आहे त्यानं आधी बोलायचं, ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्यानं त्यानंतर, कायदा किंवा योजना माहीत असलेल्यानं त्याच्याही नंतर, आणि पदावरच्या माणसानं सगळ्यांत शेवटी.

उलट झालं की काय होतं ते प्रत्येकानं बघितलंय. एखादे सर उठून अधिनियमाचं कलम सांगतात. ते बरोबरही असतं. पण त्यानंतर जिला पाणी मिळत नाही ती म्हणते, "आमाला काय कळतंय त्यातलं, सरांनी सांगितलंच की." सरपंच आधी बोलले तर आणखी वाईट, त्यांच्या बोलण्याला उत्तर देणं म्हणजे त्यांच्याशी भांडण घेणं, आणि उद्या दाखल्यावर सही त्यांचीच लागणार. ते शेवटी बोलले तर सगळं ऐकून बोलतात, आणि बरेचदा जे ऐकलं त्याचंच उत्तर देतात. आमच्या सरपंचांना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. आता तेच म्हणतात, शेवटी बोललं की कमी बोलावं लागतं.

लांबण लावणारा माणूस प्रत्येक गावात असतो, बहुधा निवृत्त, बहुधा सज्जन. त्याला तोंडावर थांबवू नका. खडू हातात घेऊन विचारा, "नाना, हे फळ्यावर कसं लिहू? एका ओळीत सांगा." नाना विचारात पडतात, तेवढ्यात पुढच्याला बोलवा. याहून पक्का उपाय म्हणजे वही त्यांच्याच हातात द्या. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं.

न बोलणाऱ्यांसाठी जास्त कष्ट पडतात. बायका एकेकट्या येत नाहीत, बचत गटाचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना सांगा, त्या चार-पाच जणींना मिळून आणतील. त्यांना दारापाशी बसू देऊ नका. फळा ज्या बाजूला, तिथं बसवा. आणि 'तुमचं मत काय' असं कधी विचारू नका. मत विचारलं की बाई पदर सावरते आणि शेजारणीकडं बघते. "परवा पाणी किती वाजता आलं? किती हंडे भरले?" असं विचारा. उत्तर लगेच येतं आणि त्यातूनच मत बाहेर पडतं.

नळाच्या विषयावर आम्ही शाळेच्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता. टाकी, शाळा, मारुतीचं मंदिर, दोन आळ्या, खालची वस्ती, ओढा. काढला मुलींनी, त्यामुळं मारुतीच्या देवळाभोवती वेलबुट्टीही निघाली. मग एका सुपात सोयाबीन ठेवलं. मागच्या वेळी ज्यांच्या नळाला पाणी आलं त्यांनी आपल्या घराच्या जागी, जेवढे हंडे भरले तेवढे दाणे ठेवायचे. बोलायचं काहीच नव्हतं, त्यामुळं लाजायचंही कारण नव्हतं. बघता बघता टाकीच्या बाजूला पिवळे ढीग झाले आणि मंदिराच्या खाली रांगोळी नुसती पांढरी राहिली. पाइप फुटलाय, दाब कमी आहे, मोटार जुनी आहे, असं तोवर पुरुषमंडळी सांगत होती. एक मामी बराच वेळ उकिडव्या बसून बघत होत्या. त्यांनी मंदिराजवळच्या एका वळणावर बोट टेकवलं. "हितं वाल हाय. ह्यो फिरवायचा कुनी?" फिरवणारा पाणीवाला तिथंच बसला होता. तो म्हणाला, वाल घट्ट झालाय, एका माणसाला फिरत नाही, ग्रामपंचायतीला दोनदा सांगितलं. म्हणजे टेबल सापडलं: ग्रामपंचायत, वाल बदलणं. धरणापर्यंत जायची गरज पडली नाही.

असा नकाशा करायचा तर वारा पडल्यावर करा, आणि कोंबड्या हाकायला एक पोरगं बसवा.

तापलेला विषय

2023 पासून आमच्या भागात आरक्षणाचा विषय निघाला की हसतंखेळतं जाजम दोन बाजूंनी आवळतं. नव्या बैठकीनं पहिल्या वर्षी हा विषय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पळपुटेपणा म्हणा हवं तर. नाल्याच्या, वालाच्या, एसटीच्या प्रश्नावर माणसं मिळून चार वेळा तहसीलला जाऊन आलेली असली की मगच असल्या विषयाचा भार त्यांच्या नात्याला सोसतो. तरी कुणी काढलाच, तर एक अट घाला: नेत्यांची नावं घ्यायची नाहीत, समाजाच्या वतीनं कुणी बोलायचं नाही, फक्त आपल्या घरातल्या लेकराची फी, वसतिगृह, भरती, एवढंच सांगायचं. दोन्हीकडच्या घरांतले फीचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी आले की आवाज खाली येतो. आणि त्या दिवशी मोबाइल माठाशेजारी ठेवायला लावा. अर्धं वाक्य व्हॉट्सॲपवर गेलं तर बैठक आपल्या हातात राहत नाही.

शेवटचा पाव तास कागदासाठी

विषय निघाला, बोलणं झालं, आणि मंडळी "बघू मग" म्हणून उठली तर तो महिना फुकट. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि तिथंच बसून अर्ज लिहा. एका अर्जात एकच मागणी. चार मागण्या लिहिल्या की कार्यालय त्यातल्या सगळ्यांत सोप्या मागणीचं उत्तर देऊन मोकळं होतं. अर्ज दोन प्रतींत, सह्या जमलेल्या सगळ्यांच्या, पहिली सही ज्याचा त्रास त्याची. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन यायचं. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" असं म्हटलं तर ठेवून यायचं नाही. कोण जाणार हेही तिथंच ठरवा. बाजाराच्या दिवशी केजला ज्यांना जायचंच आहे असे दोघे निवडा, एकट्याला पाठवू नका. ग्रामपंचायतीचा विषय असेल तर ग्रामसभेच्या सात दिवस आधी नोटीस निघते, त्याच्याही आधी अर्ज द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथंही तोच विषय बायकांकडून मांडला जाऊ द्या.

महिना-दीड महिना उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. पण 'वाल का बदलला नाही?' असं त्यात विचारू नका. 'का'चं उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, आणि ते अर्ज त्याच कारणानं परत लावतात. कागद मागा: आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत, पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीवर या वर्षी झालेल्या खर्चाच्या नोंदीची प्रत. 30 दिवसांत काहीच आलं नाही तर त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, माहिती अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडं.

पुढच्या बैठकीची सुरुवात नेहमी मागच्या अर्जापासून. शिक्का मारलेली प्रत हातात धरून वाचायची, आणि उत्तर आलं नसेल तर तेही वहीत तारखेसह लिहायचं. आमच्या वालाचं उत्तर काही आलं नाही. वाल मात्र बदलला. मामींनी तो अर्ज तरी पुन्हा वाचायला लावला, कारण खालच्या वस्तीला पाणी आता पाचव्या दिवशी येतं आणि त्यांना ते तिसऱ्या दिवशी हवंय.

चहापाण्याचं तेवढं राहिलं. खर्च कुणा एकावर टाकू नका, पुढाऱ्यावर तर नाहीच. आमच्याकडं येताना प्रत्येकजण ओंजळभर मुरमुरे नाहीतर शेंगदाणे आणतो, आणि ज्यांची पाळी असेल त्या घरी सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, होतो. तो बैठक संपल्यावर वाढायचा. आधी वाढला तर अर्जावर तेलाचे डाग पडतात.